भरलेला गडवा

रविवार, संध्याकाळ. गोरेगाव.

पोलीस ठाण्यात माणूस समोर उभा राहिला की मी आधी नाव विचारते, तेही अशा आवाजात की शेजारचा हवालदारसुद्धा ताठ होतो. घरी सगळं उलटं. बाबांची रीत अशी की आलेल्याला आधी पाणी. तो प्यायला की मग नाव-गाव.

आज दुपारी गावी, बाबांच्या बिरसीच्या घरी कोणीतरी येऊन गेला. आत्ता फोनवर बाबा खुशीत सांगत होते, "तुया ओळखीचा होता बाई. मोठी तारीफ करून राहिला होता तुयी."

"नाव काय त्याचं?"

"पाणीच नाई पेला त्यानं. नाव कसं विचारू?"

बराच वेळ ओसरीवर बसला, पुढ्यातला पाण्याचा गडवा तसाच भरलेला. आणि बाबा? लहानपणी मी पोरांना कशी बदडायची, सुट्टीला मोटरसायकलवर एकटीच येते, नहराच्या पारीनं, कालव्याच्या काठानं येते, सगळं सांगून मोकळे! परवा रेतीचोरांचे टिप्पर पकडल्यापासून मला धमक्या येताहेत, हे त्यांना ठाऊकच नाही. काऊन नाही सांगितलं मी?

ओरडावंसं वाटलं. पण तो ठाण्यातला आवाज बाबांसमोर निघतच नाही. दार लावून घ्या, एवढंच म्हटलं.

तो गडवा काही डोळ्यांपुढून हलत नाही. एवढ्या उन्हातून आलेला माणूस, घोटभरही पाणी नाही? बाबांना पुन्हा फोन लावला.

"जाताना काही म्हणाला का?"

"हो ना. म्हणे, तुमची पोरगी घरी आली का येतो. तेव्हाच पेईन पाणी."