ट्रॅकच तर आहे

ता. ४ जून

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. गळ्याचे टाके काढले. गाठ साधीच निघाली, घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण सहा आठवडे चकार शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. तुझे भावोजी वरकरणी हळहळतात, पण इतकी शांतता त्यांना लग्नापासून मिळाली नव्हती, ते मला कळतं. फोन वाजला की मी नुसती बघत बसते. म्हणून हे पत्र. आणि मोबाइलवर दोन शब्दांत उरकू नकोस, आईला लिहायचास तसं कागदावर लिही.

परवा शेजारच्या काकू बघायला आल्या. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना माझं काम काय ते माहीत नव्हतं. पाटीवर लिहून सांगितलं, की नवीन गाणं आधी मी गाते, त्याला ट्रॅक म्हणतात. तो ऐकून मॅडमसारख्या मोठ्या गायिकेला चाल कळते, मग ती गाते आणि माझं पुसून टाकतात. काकू म्हणाल्या, म्हणजे शिवणाआधी घालतात तो कच्चा टाका. मला हसूही आलं आणि रागही आला. अठरा वर्षं मला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

आता खरं कारण. काल दवाखान्यात नंबर लावून बसले होते आणि रेडिओवर मॅडमचं ते गाजलेलं गाणं लागलं, गेल्या वर्षी ज्याचा ट्रॅक मी गायले आणि तू रेकॉर्ड केलास तेच. मी ते नीट ऐकलंच नव्हतं. दुसऱ्याने नेसलेली आपली साडी कोण बघत बसतं. पण शेवटच्या कडव्यात, त्या दोन वरच्या सुरांतल्या ओळींच्या मधोमध एक श्वास आहे. गुंड्या, तो माझा आहे. आणि पुढची ओळही माझी आहे. मी यांची बाही ओढली, पाटीवर लिहिलं, तर हे म्हणाले औषधांनी होतं असं कधी कधी.

माझा गळा चिरलाय, कान नाही चिरलेले. खरं काय ते कळव.

चिमणीला गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

---

ता. १२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून माझ्या वह्या तपासायचीस तसंच आहे, बघून छातीत धस्स होतं. इकडे सगळे बरे. हिची बदली टळली. चिमणी गाण्याच्या क्लासला जायला लागली आहे. आवाज तुझ्यावर गेलाय, हट्ट माझ्यावर.

दोन दिवस हे पत्र लिहून फाडतोय. हो ताई, त्या दोन्ही ओळी तुझ्या आहेत.

मॅडम आल्या त्या सर्दी घेऊनच. सगळं गाणं झालं, पण त्या ओळींना आवाज चढेना. चार वेळा घेतलं, चारही वेळा फाटला. खाली गाडी उभी होती, विमान गाठायचं होतं. त्या गेल्यावर खोलीत संगीतकार साहेब आणि मी, दोघंच. साहेबांनी मला विचारलं, तुझ्या बहिणीचा ट्रॅक पुसलास का. नव्हता पुसला. ते म्हणाले, मग बघ काय करता येतं ते, आणि चहा प्यायला निघून गेले. तुम्हा दोघींचे आवाज जुळतात म्हणून तर तुला बोलवायचे. मी जोडलं. साहेबांनासुद्धा जोड सापडला नाही.

मधला श्वास कापायला हवा होता. आयुष्यभर लोकांचे श्वास कापत आलोय मी. पण तो कापला की पुढची ओळ उपटून लावल्यासारखी वाटायची, म्हणून राहू दिला. आणि आता लोक नेमकं त्याचंच कौतुक करतात, जीव ओतलाय म्हणतात. तुला आठवतं का, त्या दिवशी तू ती ओळ पुन्हा घेऊ म्हणून मागे लागली होतीस आणि मीच म्हटलं, राहू दे ताई, ट्रॅकच तर आहे. बघ, राहू दिलं ते बरंच झालं.

कृपा करून हे कोणाकडे बोलू नकोस. भावोजींकडेही नको. ती. भावोजींना सा. न.

आहे तो लोभ आहे तेवढाच राहावा, एवढं मागणं.

तुझा,
गुंड्या

---

ता. २० जून

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. कोणाकडे बोलू नकोस म्हणून लिहिलंस. मला सध्या कोणाकडेच बोलता येत नाही, तेव्हा काळजी नसावी.

काल डॉक्टरांनी नळी घालून गळा पाहिला. एका बाजूचा स्वरतंतू हलत नाही. बोलता येईल, पण गाणं आता नाही, असं त्यांनी सांगितलं आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली. हे बाहेर येऊन जिन्यात बसले. मी पाटी पिशवीत टाकली. घरी येऊन भाजी निवडली.

म्हणून तुझ्याकडे दोन गोष्टी मागते. आजवर काही मागितलेलं नाही. पहिली, साहेबांना सांग, त्या गाण्याखाली माझं नाव घाला. मॅडमच्या शेजारी नको, खाली बारीक अक्षरात, सोबत गायल्या अमुक, बस. अठरा वर्षांत शेकड्यांनी गाणी गायले, एकावरही माझं नाव नाही. तेव्हा वाटायचं, आज ना उद्या आपलंही गाणं येईल. आता ते येणार नाही. जे आहे ते हेच आहे, दोन ओळी.

दुसरी, माझे जुने ट्रॅक जे सापडतील ते पाठव. कसेही असू देत. मला माझा आवाज ऐकायचाय.

चोरी केलीस म्हणून रागावले नाही. उलट ऐकलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. मी इतकं चांगलं गात होते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तूसुद्धा नाहीस.

उत्तराची वाट बघते. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
ताई

---

ता. ९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला. काम होतं म्हणून लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. धीर होत नव्हता.

मॅडमना त्या गाण्यासाठी वर्षातल्या सर्वोत्तम गायिकेचं पारितोषिक जाहीर झालंय. मुलाखतीत त्यांना त्या श्वासाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, तिथे दुःख इतकं दाटून आलं की पुढे जाववेना. मला वाटतं त्यांना आता ते खरंच वाटतं.

मी साहेबांकडे गेलो होतो, तुझी शपथ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पंखा कमी केला आणि विचारलं, जोडलं कोणी. मी म्हटलं, मी. मग ते म्हणाले, उद्या हे बाहेर पडलं तर चोर कोण ठरेल. आणि लगेच सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून मोठ्या स्टुडिओचा मुख्य रेकॉर्डिस्ट मीच. ताई, मी हो म्हणालो. एवढंच नाही, थँक्यू म्हणालो. बाहेर आलो आणि स्वतःचीच लाज वाटली.

ट्रॅक एकही नाही. पक्कं गाणं झालं की त्याच दिवशी ट्रॅक पुसायचा, दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून, असा आमचा नियम. सगळे मीच पुसले. एखादा ठेवावा असं एकदाही मनात आलं नाही. तुझा आवाज काय, घरात होताच.

आणखी एक. चिमणीच्या क्लासमध्ये हेच गाणं बसवताहेत. बाई म्हणतात, श्वास मॅडमसारखाच यायला हवा. चिमणीला तो जमत नाही, रोज रडून घरी येते. आत्याचा आवाज सुटला की ती शिकवेल, असं मी बोलून गेलो. तोंडातून निघून गेलं.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. लोभ असावा असं लिहायला हात उचलत नाही.

तुझा,
गुंड्या

---

ता. १८ जुलै

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. बढतीबद्दल अभिनंदन. हे मनापासून लिहितेय की नाही, ते माझं मलाच ठरवता येत नाही.

सोमवारी बोलायची परवानगी मिळाली. पहिलं वाक्य काय बोलावं याचा दीड महिना विचार केला होता, आणि दार वाजलं तेव्हा आले आले म्हणाले. यांनी आतून विचारलं, कोण आलंय. काल फोनवर बँकेतल्या मुलीने मला दोनदा सर म्हटलं. तिची चूक नाही.

मी कोणाला काही सांगणार नाही. तुझ्यासाठी म्हणून नाही, हुरळून जाऊ नकोस. आता मी या आवाजात सांगितलं, तर त्या ओळी माझ्या आहेत यावर कोण विश्वास ठेवील. पुरावा तूच होतास. तो तू पुसलास, नियमाप्रमाणे.

पण चिमणीला रडवू नका. तिच्या बाईंना चिठ्ठी दे आणि खाली सही तुझी कर, मुख्य रेकॉर्डिस्ट म्हणून, म्हणजे त्या ऐकतील. चिठ्ठीत लिही, की तिथे श्वास घ्यायचाच नसतो. त्या दोन ओळी एका दमात म्हणायच्या असतात, चालच तशी आहे. साहेबांनी मला तशीच शिकवली होती आणि घरी मी तशीच म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, गाठ वर्षभर तरी श्वासनळी दाबत असणार. त्या दिवशी मला दम पुरला नाही. जीव ओतला नव्हता गुंड्या, धाप लागली होती. म्हणून तर काचेपलीकडून बोट वर करून तुला म्हटलं होतं, आणखी एकदा घेऊ.

लोभ आहे तो आहेच, त्याला मी काय करणार.

तुझी,
ताई