ओला वस्तरा

ता. २८ मार्च १९५४, अमळनेर

आज नानांची दाढी मी केली. शंकर न्हावी परवा आईला सांगून गेला, "बाई, तुमच्या मालकांचं तोंड धड राहत नाही, मला नाही जमायचं." लकव्यानं नानांची उजवी बाजू गेली, त्या गालाचं त्यांना काही कळत नाही. मागच्या खेपेला रक्त गळ्यापर्यंत आलं तेव्हा कुठे दिसलं. मग डाव्या हातानं शंकरला ढकलून दिलं.

श्रावणला म्हटलं, तू मोठा, तू कर. तर म्हणे मला रक्त बघवत नाही. तेलाच्या गिरणीत पोती उचलतो, आणि हे!

मग वस्तरा मीच उचलला.

ता. २ एप्रिल

जमतंय. कोमट पाणी वाटीत. एक हात फिरवला की वस्तरा बुडवायचा, मग खांद्यावरच्या धोतराच्या फडक्याला पुसायचा. पाठ पुढे, धार मागे, नाहीतर फडकं कापतं. पाणी करडं होतं, वर केस तरंगतात. नाना डोळे मिटून बसतात. दिवसात तेवढाच वेळ त्यांच्या कपाळाला आठ्या नसतात.

आई लांबूनच सांगते, मिशीला जप. आणि म्हणाली, "सासरी गेल्यावर नवऱ्याची पण करशील." मी उठून मोरीत गेले.

ता. ११

चुकलं.

बोहारीण दारात आलेली. आई तिच्याशी घासाघीस करता करता मला हाका मारायला लागली. मी घाई केली. वस्तरा नुसता बुडवला, पुसला नाही, ओलाच लावला. साबणावरून सटकला आणि उजवीकडची मिशी गेली. नानांना कळलंसुद्धा नाही. डोळे मिटलेलेच.

अर्धी कशी ठेवायची? दुसरी बाजू पण काढली.

आईनं बघितलं आणि तिथंच खाली बसली. "अगं, बाप जिवंत आहे त्यांचा! आबा पाचोऱ्याला धडधाकट, आणि इथं मुलाची मिशी काढली?"

नानांनी खुणेनं आरसा मागितला. बघितलं. डावीकडून हसले. आई रडतच होती.

ता. १५

गल्लीतल्या बाया आईला विचारतात, सासरे कधी वारले, कळवलं पण नाही. आई मग मला बोलते.

श्रा. म्हणे, "काय गं, दुकान कधी टाकतेस?" जेवले नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आबा येणार. तोवर मिशी आली पाहिजे. शेजारची अक्का म्हणाली एरंडेल लाव. रोज चोळते. खुरटी पांढरी येतेय, काळी नाही.

ता. २७

आबा आजच आले. आखाजीच्या आधीच.

इकडचा कोणी पाचोऱ्याला गेला, तिथं बोलला की मुलानं मिशी काढली. लोक आबांच्या घरी भेटायला गेले. दार आबांनीच उघडलं.

नानांसमोर उभे राहिले. "मी मरी गऊ का रे?"

नाना नुसतं बं... बं... आबांनी त्यांच्या ओठावर बोट फिरवलं.

"हाई कोनी करं?"

मी दाराआड. आई म्हणाली, पोरीनं. मला पुढे व्हायचं होतं.

ओरडले असते तर बरं. हळूच म्हणाले, "मी जित्ता शे तोवर याना तोंडले वस्तरा लावाना नही." पाण्याचा तांब्या पुढे केला तोही घेतला नाही. उन्हातच स्टेशनला गेले.

ता. १२ मे

आखाजीला झोका बांधला नाही.

नानांची दाढी दाट वाढली. लाळ त्यात वाळते, खाली लाल चट्टे उठलेत. फडकं ओलं करून टिपते, पण आत पोचत नाही. आज त्यांनी माझा हात धरून गालावर ठेवला. मी म्हटलं, "आबा नको म्हणालेत ना, नाना." हात सोडला. भिंतीकडे तोंड केलं.

श्रा. म्हणतो आबांचा शब्द आहे. शंकरला विचारलं तर म्हणे, मी नाही बुवा त्यात पडत.

ता. २९

गावाकडचा माणूस निरोप घेऊन आला. आबांनी अंथरूण धरलंय, अन्न जात नाही. श्रा. दुपारच्या गाडीनं गेला. आई म्हणाली नानांना सांगू नको. ते सकाळपासून दाढी खाजवतायत.

आबांचं काही झालं तर दाढीमिशी सगळी काढायलाच लागेल.

आई देवाजवळ बसली. मी वस्तरा काढला. पात्यावर गंजाचा ठिपका दिसला म्हणून पट्ट्यावर घासायला लागले. धार आली. चुलीवर पाणी ठेवायला उठले, तेव्हा कळलं मी कशाची तयारी करतेय. वस्तरा फडक्यात गुंडाळून फळीवर टाकला.

नाना बघत होते. हळूहळू मान वर केली, गळा पुढे केला, डोळे मिटले.

संध्याकाळची गाडी आली. श्रा. आला नाही.