वर्कशॉपमध्ये उघडा जाळ बंद

१२ सप्टेंबर
आजपासून वर्कशॉपची आगसुरक्षा माझ्याकडे. पलीकडच्या गावात एका गॅरेजला आग लागली, दोन ट्रॅक्टर गेले. शेवगाव रोडवरचं हे पत्र्याचं वर्कशॉप ह्यांनी एकवीस वर्षं चालवलं, ह्यांच्या मागे दोन वर्षं मी चालवते. ते माझ्या हातून जळायचं नाही. लेकीनं, निकितानं, पुण्याहून पुस्तिका पाठवली. माझी शाळा चौथीत सुटली, वाचायचं नाही सुटलं. दोनदा वाचली. विषय सोपा आहे.

१३ सप्टेंबर
भिंतीवर नियम लिहिले. उघडा जाळ बंद. तेलकट कापड लटकवायचं नाही. डिझेलचा कॅन बाहेरच्या खोलीत. नियम मोडेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. आमचे वेल्डर आबासाहेब, ह्यांच्या वेळेपासूनचे, वाचून म्हणाले, "वहिनी, वेल्डिंग म्हंजी जाळच हाय की." वेल्डिंगला पुस्तिकेत वेगळं पान आहे, असं सांगून गप्प केलं. ते पान वाचायचं राहिलंय.

१७ सप्टेंबर
आबासाहेबांच्या खिशाबाहेर तेलकट चिंधी लोंबत होती. चहा त्यांनी केला. पांचट. वर खुंटीवरच्या ह्यांच्या खाकी शर्टाकडे बोट दाखवून, तोही ग्रीसनं माखलाय म्हणे. स्पष्ट सांगितलं, नियम कापडाला आहे, हा शर्ट आहे. शेवटच्या दिवशी काढून ठेवला तसाच आहे. धुतलेला नाही, धुणारही नाही.

१९ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
वर्कशॉपात शर्टाच्या खुंटीशेजारी ह्यांचा फोटो आहे, त्यापुढे रोज दिवा लावते. आज आबासाहेबांनी तोही विषय काढला. दिवा म्हणजे जाळ नव्हे. जाळ विझवतात, दिवा शांत करतात. शब्दच वेगळा. पुस्तिकेत दिव्याचं नाव कुठेच नाही. तपासलं.

२३ सप्टेंबर
आग विझवायचा सिलिंडर आला. लालभडक. वाळूची बादलीही भरली. फोटोखाली ठेवली. उदबत्त्या छान उभ्या राहतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन. यंदा सिलिंडरचीही केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, मुठीला लाल धाग्याचे अकरा वेढे. आबासाहेबांची तक्रार, सिलिंडर चालू करायला ओढायची पिन दिसेना. म्हटलं, कुठे पळून जाते ती. पूजेचा धागा आपण सोडायचा नसतो, आपोआप तुटू द्यायचा.

४ ऑक्टोबर
तीन आठवडे झाले, एकही आग नाही. सोनईच्या बचत गटाला व्याख्यान द्यावं म्हणते. बायकांना समजेल असं सांगणारं कोणीतरी हवं.

६ ऑक्टोबर, सकाळी ११
आग लागली. वेल्डिंगची ठिणगी. मी सांगतच होते. सविस्तर नंतर.

६ ऑक्टोबर, दुपारी ३
सविस्तर. आबासाहेब उसाच्या ट्रॉलीखाली होते. ह्यांचा शर्ट पेटला, तिथून खालचं गोणपाट. मी सिलिंडर उचलला. धागा सुटेना. दात लावले, तोंडात झेंडू आला. आबासाहेबांनी हातानंच शर्ट ओढून खाली टाकला आणि बादली ओतली, उदबत्त्यांसकट. विझलं. डिझेलचा कॅन बाहेरच्या खोलीत होता, एवढं मात्र माझ्या नियमामुळे.
धाप कमी झाल्यावर त्यांना म्हटलं, ठिणगी तुमची, चहा तुमच्याकडे. ते बोटांवर फुंकर घालत होते. हळू म्हणाले, "वहिनी, सकाळधरनं लाईट न्हाई. मशीन चालू कुठं हुतं?"
वारा होता. बाही दिव्यावर गेली असणार.
 

७ ऑक्टोबर
धागा कात्रीनं कापला. दिवा घरी देवघरात नेला. फोटोची काच पुसली.
शर्ट धुतला. चार पाण्यांतून काढला. डावी बाही कोपरापर्यंत गेली, बाकी धड आहे. वास आता साबणाचा येतो. बाहेर उन्हात वाळत घातलाय, इथून दिसतो.
नियमाप्रमाणे चहा मी केला. आबासाहेबांच्या बोटांना पट्टी, म्हणून कप हातात धरून दिला. दोन घोट घेऊन ते थांबले. विचारलं, कसा झालाय.
"ब्येस, वहिनी. फकस्त साखर राह्यली."