माझ्या साक्षीत वारलेल्या आत्यास

ती. मोठ्या आत्यास तिच्या ढब्बूचा खाली मान घालून सलाम.

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू खुशाल असशील अशी आशा करतो. आशा कसली, देवाजवळ हट्टच धरून बसलोय. भूक बरी लागते ना? चालताना दम लागत नाही ना? खोकला वगैरे? (नसेलच. तू तीस वर्षं इस्पितळात सिस्टर म्हणून काढलीस, तुझ्या वाटेला जायची खोकल्याची छाती नाही.) चार-चार महिने पत्र न टाकणारा हा भाचा एकाएकी तब्येतीची एवढी चौकशी का करतोय, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे. पण आधी जरा खुर्चीवर बस.

तर पहिली बातमी अशी, की माझं मिशनरी प्रशिक्षण संपलं. दीड वर्षात मी घाण पाणी पिण्याजोगं करायला शिकलो, मोडलेल्या हाताला फळी बांधायला शिकलो, जमिनीवर झोपायला शिकलो (तक्रार न करता झोपायला नाही). ज्या परमुलुखात मला पाठवणार होते तिथली भाषाही शिकलो. तिच्यात कृपा आणि बूट यांना एकच शब्द आहे, नुसता आवाज वर किंवा खाली न्यायचा. तेव्हा पहिले पाच महिने मी रोज सकाळी ‘प्रभू, तुझे बूट आम्हांवर असोत’ अशी प्रार्थना करत होतो. असो. सगळ्या विषयांत पास झालो आणि एका विषयात तर पहिला आलो. तो विषय म्हणजे साक्ष. आणि तिथेच मी तोंड काळं करून घेतलं.

साक्ष म्हणजे आपण श्रद्धेकडे कसे आलो आणि आपल्यामुळे कोण आलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. ती शिकवायला चर्चचे एक म्हातारे पाळक होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. माझ्या एका बाजूला बसायचा एक माजी मुष्टियोद्धा, नाक तीन ठिकाणी मोडलेला. दुसऱ्या बाजूला एक माजी खिसेकापू. त्याची साक्ष ऐकताना लोक एका हाताने डोळे पुसायचे आणि दुसऱ्या हाताने खिसा धरून ठेवायचे. माझी पाळी आली तेव्हा मी खरं तेच सांगितलं. आई गेल्यावर आत्याने वाढवलं, तिनेच प्रार्थना शिकवली, मी शिकलो. दीड मिनिटात संपलं.

गुरुजी कानामागे हात धरून वाट बघत राहिले. मग म्हणाले, “एवढंच?”

“एवढंच.”

“घरात कुणी दारू नाही प्यायलं? तुरुंग? पूर?”

“नाही हो.”

त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. त्या क्षणी मला आपल्या घराची लाज वाटली, आत्या. आपल्याकडे काही घडलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी तुला थोडी आजारी पाडली. नुसता ताप, जास्त काही नाही. वर्ग सावरून बसला. मग आम्हाला सरावासाठी एकेका चर्चच्या मंडळीत उपासनेच्या वेळी साक्ष द्यायला पाठवू लागले आणि माझ्या हातून तू सुटत गेलीस. पहिल्या मंडळीत तू देवाचं नाव काढलं की अंगावर धावून येणारी बाई झालीस. दुसऱ्या मंडळीत तू माझं बायबल खिडकीतून फेकून दिलंस. (चौथ्या मंडळीपर्यंत आपलं बैठं घर तीन मजली झालं होतं, म्हणजे बायबल पडायला वेळ मिळावा.) आणि पाचव्या मंडळीत तू वारलीस. खरं सांगतो, मारायचं माझ्या मनात नव्हतं. पण समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी रुमाल डोळ्यांपर्यंत नेऊन तिथेच धरला होता. तुला वाचवलं असतं तर तो तसाच पर्समध्ये परत गेला असता. म्हणून मी तुला शेवटच्या घटकेला माझा हात धरायला लावला, ‘बाळ, तुझा देव तो माझा देव’ असं म्हणायला लावलं (तू मला जन्मात बाळ म्हटलेलं नाहीस) आणि तुझे डोळे मिटले. सबंध मंडळी रडली. मीही रडलो, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. सहाव्या आणि सातव्या मंडळीत तर मला बोलावणं आलं ते तुझ्या मरणासाठीच.

मग ते माझ्या हाताबाहेर गेलं. ज्या परमुलुखात मी जाणार होतो तिथल्या मंडळीने संस्थेकडून ही गोष्ट ऐकून तुझ्या स्मरणार्थ शिवणवर्ग काढायचं ठरवलं. आमच्या संस्थेने तुझा फोटो मागितला. ‘नाही’ म्हणायची ती वेळ होती. मी तुझा गणवेशातला फोटो दिला. त्यांनी तो मोठा करून, चौकट घालून, खाली ‘स्मरणार्थ’ आणि माझं नाव लिहून जेवणघरात लावला, नेमका पाण्याच्या पिंपाच्या वर. पाणी घ्यायला वाकलो की तू बघायचीस. मी महिनाभर चहावर काढला.

आमच्या स्वयंपाकीणबाई गावाला गेल्या होत्या, त्या परतल्या आणि बटाट्यांची टोपली घेऊन फोटोपुढे थबकल्या.

“या सिस्टर तुमच्या कोण?”

“आत्या.”

“कधी गेल्या?”

“गेल्या वर्षी,” मी म्हणालो. (सवय, आत्या. तोंडातून आपोआप आलं.)

त्या तिथेच फरशीवर बसल्या. म्हणाल्या, “माझं पहिलं मूल पोटात गेलं तेव्हा या दोन दिवस माझा हात धरून होत्या. मला प्रार्थना करता येत नव्हती. म्हणाल्या, तू नुसती रड, शब्द मी घालते.” आणि त्या रडायला लागल्या. रविवारी त्या चुलीपाशी असतात, माझी साक्ष त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. त्यांच्या लेखी तू फक्त देवाची बाई होतीस, आणि गेली होतीस.

आत्या, मी आजवर लोकांना रडवलं, पण कुणी खरं रडताना मला पाहवलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं मी काय केलं ते. तू मला दिलेली श्रद्धा मी आधी तुझ्याकडून काढून घेतली आणि मग ती मीच तुला दिली, असं सात ठिकाणी सांगून टाळ्या घेतल्या. मी म्हणालो, “त्या जिवंत आहेत. ठणठणीत आहेत.” आणि सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा आधी असा उजळला की मला वाटलं सुटलो. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“मग तुम्ही कसले मिशनरी?”

मी स्वतःहून, कुणी न सांगता, सरळ प्राचार्यांकडे गेलो आणि कबूल झालो. प्राचार्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसला.

“मी तुमच्या आत्यासाठी उभ्या सभेत रडलोय.”

“हो सर. मी पाहिलं.”

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, की मुष्टियोद्धा आणि खिसेकापू ठरल्याप्रमाणे जातील, तुमचं जाणं थांबवतो. सातही मंडळ्यांत जा, त्याच जागी उभे राहा आणि खरं सांगा. मग बघू.

दोन झाल्या. पहिली म्हणजे ती सातवी, तिथे माझं बोलून झाल्यावर मागून एक आजोबा उठले. “म्हणजे बाई बऱ्या आहेत?” म्हटलं, हो. “आजारी पण नव्हत्या?” म्हटलं, सर्दीसुद्धा नव्हती. ते फार दुखावले. “मग आम्ही उगाच रडलो,” म्हणाले आणि खाली बसले. एका माणसाने तर बाहेर मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या मेल्या होत्या तेव्हाच गोष्ट बरी होती.

दुसरी म्हणजे ती पाचवी. (अवघड ते लवकर उरकून टाकावं म्हणून.) रुमालवाल्या बाई शेवटपर्यंत थांबल्या. म्हणाल्या, “माझी बहीण काही न मानता गेली. तुमची गोष्ट ऐकल्यापासून मला वाटायचं, शेवटी तिलाही काही दिसलं असेल. आता मी काय समजू?” त्या रागावल्याही नाहीत. छत्री शोधून निघून गेल्या.

तुझी क्षमा मागायला हे पत्र लिहितोय. मला दुसरं काही नको. तू चिडलीस तर चीड, उत्तर नाही दिलंस तरी मी समजेन. तब्येत सांभाळ. हे मी जन्मात इतकं मनापासून कुणाला लिहिलेलं नाही.

तुझा,
ढब्बू

ता. क. दुसरं काही नको असं वर लिहिलंय, पण एक हवं आहे. प्राचार्यांना तुझं पत्र पाहिजे. मला परदेशी पाठवावं की नाही, हे ते तुला विचारूनच ठरवणार आहेत. तुला वाटेल ते लिही. ‘पाठवू नका’ असंही लिही. मी मध्ये पडणार नाही.

ता. क. २. ‘स्वतःहून, कुणी न सांगता’ हेही खरं नाही. प्राचार्यांच्या दारापर्यंत स्वयंपाकीणबाई हातात डाव घेऊन माझ्या मागे होत्या. मी दोनदा वळलो, दोनदा त्यांनी डाव वर केला. ते वाक्य खोडणार होतो, पण तसंच ठेवलंय. मी अजून किती सुधारायचा आहे, ते तुला दिसावं.

ता. क. ३. येत्या रविवारी कबुलीची तिसरी मंडळी आहे, सगळ्यात मोठी. तू ये. तू समोर बसलेली असलीस की मला खोटं बोलायला कधी जमलेलं नाही. हे सगळं झालं ते तू समोर नव्हतीस म्हणून. सकाळी सातची बस धर. मी थांब्यावर उभा असेन. बोलू नकोस हवं तर, पण ये.