देठाला बांधलेला हिरवा दोरा

प्रिय आत्याबाई,

"लाडानं वेल माजतो, फळत न्हाय." सून होऊन मी भूमला आले, त्या वर्षी तुम्ही हे म्हणाला होतात. दुधीचा शेंडा नखानं खुडत होतात आणि मी बाजूला कळवळत होते. आज सकाळपासून तेच वाक्य डोक्यात आहे. संध्याकाळी वेलावरची दुसरी मादी कळी उमलेल. त्याआधी तुम्हाला लिहायला हवं.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या माहेरच्या, ईटच्या वाणाच्या तीनच बिया पुरचुंडीत उरल्या होत्या. दोन कुजल्या. तिसरी उगवली आणि मला काय करू न् काय नको झालं. शेणखत घातलं, दोन्ही वेळ पाणी दिलं. शेंड्याला मात्र हात लावला नाही. तुमचं एवढंच तर उरलेलं, ते कसं खुडू?

वेल माजला. मांडव भरून गच्चीवर गेला. नुसती पानं आणि नर फुलं. तुमच्यामागं वाणही संपणार, या धास्तीनं शेवटी मी पाणी तोडलं, मन घट्ट करून शेंडे खुडले. पंधरा दिवसांनी बाजूच्या फुटव्यावर मादी कळी आली. तिच्या बुडाशी बोटाएवढा दुधी.

सगळं शिकवलंत, फुलांचं लगीन तेवढं नाही. दिवेलागणीला नर फूल मादीला टेकवायचं आणि देठाला लुगड्याच्या काठाचा दोरा बांधायचा, हे मला ऐकूनच ठाऊक.

"लगीन लावताना कुणी बघायचं नसतं. आत जा."

"मी पाठ करून थांबते की."

"बाईच्या पाठीलाबी डोळं असतात. जा, चहा टाक."

एवढ्या वर्षांत एकदाही का थांबू दिलं नाहीत?

ती पहिली कळी उमलली त्या संध्याकाळी मी आणि हे, दोघंही येडशीला एका लग्नात होतो. घराला कुलूप. सकाळी बघते तर देठाला दोरा. हिरवा. डावीकडून दोन वेढे, वर अर्धी गाठ. तुमच्या वाकड्या अंगठ्यानं पडायची तशीच.

"कुठून तरी उडून अडकला असंल," हे म्हणाले.

"वारा गाठ मारतो का?"

हिरव्या काठाचं लुगडं तुमचं एकच होतं. आपल्यात जाळत नाहीत, माती देतात. ते लुगडं नेसवूनच तुम्हाला मातीत बसवलं. पदर मीच सारखा केला होता. मांडवाखालची जमीन ठणठणीत कोरडी, पण दोऱ्याला ओली माती लागलेली.

भीती वाटली. मग भीतीची लाज वाटली.

फळ वाढलं तसा दोरा देठात रुतू लागला. सोडवायला माझा हात धजेना. परवा पाहिलं, तर कुणीतरी तो सैल करून पुन्हा बांधला होता.

ते फळ बियांसाठी राखलंय. वाळलं की बी राखेत घोळून ठेवीन, निम्मं ईटला तुमच्या भावाकडं पोचवीन. पुढच्या वेलाचे शेंडे वेळच्या वेळी खुडीन. लाड करणार नाही. हा माझा शब्द.

पण आज मी घरी आहे. दिवेलागणीला मला मांडवाखाली थांबू द्या. वेलाकडं पाठ करून बसेन, वळणार नाही, बोलणार नाही. काठातून दोरा ओढल्याचा आवाज तेवढा ऐकू द्या. तुम्ही आत जा म्हणाल, ठाऊक आहे. तरी एकदा थांबू द्या.

तुमची सून,
सुलभा