दशैंच्या आधी बसवलेली तांबी

असोज १
कतारहून ह्यांचा फोन. दशैंच्या सणाला घरी येतायत — तीन वर्षांनी! मुली नाचल्या. सासूबाई बोकड ठरवायला निघाल्या. मला मात्र धास्ती. धाकटीच्या वेळी पायात रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल. सासूबाईंना नातू हवा, म्हणून ऑपरेशन नाही. ह्यांच्याकडे निरोधचं नाव काढलं की फोन बंद!

असोज २
गवताला म्हणून निघाले आणि आरोग्य चौकीत शिरले. सुभद्रा नर्स म्हणाली, तुला गोळ्या चालायच्या नाहीत. दिवस मोजायची मण्यांची माळ दाखवली — पण माझी पाळी कुठे धड येते! राहिली तांबी. बसवून घेतली. कळ आली जोरात. पण जीव भांड्यात पडला. काढेपर्यंत काळजी नाही म्हणे, कितीतरी वर्षं.

असोज ६
घटस्थापना. माझं थेंबथेंब जातंच आहे. विटाळ म्हणून देवखोलीत पाऊल नाही. सासूबाईंनी एकटीनेच जव पेरले. अजून कसं थांबत नाही, म्हणून विचारत होत्या. अशक्तपणा, म्हटलं.

असोज ९
सुट्टी रद्द. मालकाने पासपोर्टच दिला नाही. हे फोनवर रडले. मीही. खोटं कशाला लिहू — सुटल्यासारखंही वाटलं.

असोज ११
शेजारच्या जेठी काकीने मला चौकीतून निघताना पाहिलं होतं, नर्सशी तांबीचं बोलणंही ऐकलं होतं. आज नळावर सासूबाईंच्या कानावर घातलंच! त्या चुलीपाशी आल्या. आवाजसुद्धा चढवला नाही.
"नवरा परदेशात. मग ही कुणासाठी बसवलीस?"
ते येणार होते म्हणून, मी म्हटलं.
"आता येत नाही ना? मग काढून ये. नाहीतर ह्या घरात थोरांच्या हातचा दशैंचा टिळा-आशीर्वाद तुला मिळायचा नाही."
तीन वर्षं बाजारात मान वर केली नाही मी. तरी हे! इतका संताप आला!

असोज १२
काढून आले. सुभद्रा पुन्हापुन्हा विचारत होती, नक्की ना? उद्यापासून चौकी दशैंभर बंद आहे म्हणाली. सासूबाई बाहेर बाकावर बसून होत्या. परतताना त्यांनी माझ्या पाठीवरचा गवताचा भारा स्वतः घेतला.

असोज १३
हे काठमांडूत उतरले! मालकाने ऐनवेळी पासपोर्ट दिला. आम्हाला चकित करायचं म्हणून कळवलं नाही. संध्याकाळपर्यंत घरी.
सासूबाईंनी आमची गादी उन्हात घातली आहे.