एका खुर्चीत दोघी

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. लिहिणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा. तुझे काका म्हणतात, सुरुवात जरा गोड कर. तर, बरी आहेस ना? वेळेवर जेवतेस ना? झाली गोड सुरुवात.

लहानपणी सुट्टीत तू माझ्या वेधशाळेत यायचीस, आठवतं? तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत का ठेवतात ते मी तुला समजावलं, तर तू विचारलंस, "मग उन्हातल्या माणसांना किती गरम होतं, ते कोण बघतं?" मी म्हणाले, चहा सांडू नकोस. पण मनात म्हटलं, ही पोरगी पुढे कुणाला तरी छळणार. आणि छळलंसच. कपड्यांच्या कारखान्यात सुरक्षेचं काम मिळाल्याबरोबर शिलाईच्या यंत्रांशेजारी तापमापक टांगलेस. मालकाने तोंड वाकडं केलं, तरी काढले नाहीस.

राष्ट्रीय हवामान धोरणाच्या समितीत मी कित्येक वर्षं एकटी बाई. मसुद्यात लिहिलं होतं की अति उष्म्यात दुपारचं काम थांबवावं, पण फक्त उघड्यावरचं. छताखालच्या बायका कुणाच्या ध्यानात नव्हत्या, खरं तर माझ्याही. तुला "तरुणांचं मत" मांडायला बोलावलं आणि तू सांगितलंस की कापलेले तुकडे उडतात म्हणून पंखे बंद ठेवतात, आणि सारखं उठावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. आमचे ज्येष्ठ अभियंता म्हणाले, "अहो, पण छत आहे ना?" तू म्हणालीस, "आहे की, पत्र्याचं. डबा घेऊन या एकदा, गरम करावा लागणार नाही." मला हसू आवरेना. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी खोकल्याचं नाटक केलं. "छताखालील कामगार" ही ओळ त्या दिवशी मसुद्यात आली, पण कंसात. अंतिम बैठकीत कुणी तिच्यासाठी भांडलं तरच ती राहणार.

त्यानंतर समितीची फेररचना झाली आणि महिला व युवक मिळून एक जागा ठरली. सचिवांनी मला कौतुकाने समजावलं, "मॅडम, तुमची भाची बाई आहे आणि तरुणही. एकीतच दोन्ही बसतात!" एकावर एक फुकट मिळाल्यासारखा चेहरा होता त्यांचा. पुरुषांच्या नऊ खुर्च्यांमध्ये म्हातारा आणि तरुण एकाच खुर्चीत कोंबायचं मात्र कुणाला सुचलं नाही. असो. माझं नाव वगळलं आणि तुझं घातलं. तुझ्या आईला आनंदाने मी फोन केला, तर ती विषयच बदलायला लागली. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की "मावशीला उठवून मी बसणार नाही" असं म्हणून तू नकार कळवलास.

शहाणी कुठली! काल सचिवांचाही फोन आला. आवाजात सुटल्याचा आनंद होता. म्हणे, जागा रिकामी, म्हणजे कंसातली ओळ आता वगळूया. मी त्यांना ठणकावून सांगितलं की ती येणार आहे, पोरीने भावनेच्या भरात कळवलं होतं. तुला न विचारता तुझा शब्द देऊन बसलेय. म्हणून हा सगळा खटाटोप. सोमवारी सकाळी बैठक आहे. जा. आधी ती ओळ कंसातून बाहेर काढ आणि मग बायकांसाठी वेगळी खुर्ची माग. तिच्यावर मला बसवायचं नाही. तुमच्या कारखान्यात यंत्रावर घेरी येऊन पडल्या त्या वहिनींना त्या खुर्चीसाठी घेऊन जा. त्या बोलायला लाजतील, तर शेजारी बस, पण त्यांच्या वतीने बोलू नकोस. आणि हो, नाव वगळलं तेव्हा मला वाईट वाटलं. खूप वाटलं. ते माझं मी बघून घेईन, तू त्याची भरपाई करत बसू नकोस.

तुझीच, रागावलेली आणि तुझ्यावर भलतीच खूश,
मावशी